बर्फ सरकेल तसा वसंत

मे महिन्यात सह्याद्रीच्या पठारांवर गवत करपून पिवळं पडलेलं असतं, कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात ज्यांच्यासाठी कासला गर्दी लोटते ती फुलझाडं कंदांच्या किंवा बियांच्या रूपात मातीत पडून असतात. पहिला पाऊस येईपर्यंत त्यांना कसलीच घाई नसते. त्याच आठवड्यांत गढवालमध्ये तुंगनाथाच्या धारेवरची रोपंही अशीच मातीत दडून असतात. त्यांच्या डोक्यावर मात्र बर्फ असतो आणि त्यांना जागं करणारं पाणी त्या बर्फातूनच झिरपतं. बर्फ संपला की फुलं येतात, असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर ती बर्फामुळे येतात. कुठलं फूल कधी उमलेल हे तारखेवर फारसं ठरत नाही, बर्फाची कड त्या दिवशी कुठवर मागे सरली आहे यावर ठरतं.

हे डोळ्यांनी पाहायचं तर तुंगनाथ-चंद्रशिलेसारखी सोयीची धार दुसरी नाही. केदारनाथहून बदरीनाथला निघालेला प्रवासी उखीमठ, चोपता, गोपेश्वर असा जातो, आणि मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या याच घाटरस्त्याने जातात. चोपता साधारण 2,700 मीटरवर आहे. तिथून दगडी फरसबंदीची वाट साडेतीन-चार किलोमीटरांत तुंगनाथाच्या मंदिरापाशी नेते. पंचकेदारांतला हा तिसरा केदार आणि पाचांत सर्वांत उंचावरचा. हिवाळ्यात देव खाली मक्कूमठला असतात, दारं एप्रिलअखेरीस किंवा मेमध्ये उघडतात. मंदिरामागून आणखी दोनशे-अडीचशे मीटर चढलं की चंद्रशिलेचा माथा. उत्तरेला चौखंबा, केदारनाथची शिखरं, पूर्वेला नंदादेवी आणि त्रिशूळ. ही धार पाणलोटाची रेघसुद्धा आहे. एका अंगाचं वितळलेलं पाणी मंदाकिनीला जातं, दुसऱ्या अंगाचं अलकनंदेला, आणि दोन्ही पाणी रुद्रप्रयागला पुन्हा एकत्र येतं.

चोपत्यातून निघाल्यावर पहिला अर्धा तास जंगलाचा. खर्सू ओक, राघा नावाचा सूचिपर्णी वृक्ष आणि बुरांश. लाल फुलांचा हा बुरांश उत्तराखंडचा राज्यवृक्ष. खालच्या दऱ्यांत तो फेब्रुवारी-मार्चमध्येच फुलून जातो, आणि चोपत्याच्या उंचीवर एप्रिल-मेमध्येही त्याची लाली टिकून असते. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेपाच ते साडेसहा अंश सेल्सिअसनी उतरतं, म्हणजे चढणारा माणूस पावलागणिक मागच्या महिन्यात शिरत असतो. खाली गळून पडलेलं फूल वर उमललेलं भेटतं, त्याहून वर मिटल्या कळीत.

मग झाडं बुटकी होत जातात आणि लाल बुरांशाची जागा त्याचा एक जांभळट भाऊबंद घेतो. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव ऱ्होडोडेंड्रॉन कॅम्पॅन्युलाटम. हे झाड सरळ वाढत नाही. बर्फाच्या ओझ्याखाली फांद्या उताराच्या दिशेने लवतात, जमिनीलगत आडव्या जातात आणि टोकाशी पुन्हा वर वळतात. पन्नास-साठ वर्षांचं खोड माणसाच्या कंबरेएवढंही उंच नसू शकतं. पानं जाड, वरून चकचकीत हिरवी. उलटून पाहिली तर खालून दालचिनीच्या रंगाची मखमल. थंड सकाळी ही पानं देठापाशी खाली लोंबलेली आणि कडांनी आत वळून नळीसारखी झालेली दिसतात. झाड वाळलं की काय असं वाटतं. नऊ-दहा वाजता ऊन लागलं की तीच पानं हळूहळू उलगडून आडवी होतात. गोठलेल्या पानावर प्रखर ऊन पडलं तर त्यातली हरितद्रव्याची यंत्रणा बिघडते, आणि रात्री गोठलेल्या पेशी सकाळी झपाट्याने वितळल्या तर त्यांची पटलं फाटतात. गुंडाळलेलं पान या दोन्हींपासून वाचतं. तुंगनाथाच्या वाटेवर सकाळी लवकर निघालात तर येता-जाता ही पानं दोन्ही रूपांत पाहून घ्या. वनस्पती हलताना दिसण्याचे प्रसंग फार थोडे असतात.

याच्या वर, मंदिराच्या थोडं खालीच, वृक्ष संपतात. स्वित्झर्लंडमधल्या बासलचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टियान क्योर्नर यांनी जगभरच्या डोंगरांतल्या वृक्षरेषांची मोजणी जमवली, तेव्हा विषुववृत्तापासून थेट उत्तरेपर्यंत एक गोष्ट सारखी निघाली: वाढीच्या हंगामात सरासरी तापमान साधारण सहा अंशांच्या आसपास उतरलं की वृक्ष थांबतात. तितक्या थंडीत प्रकाशसंश्लेषण चालू असतं, पण नवीन पेशी, नवीन लाकूड तयार होण्याचं काम जवळपास बंद पडतं. मग त्याच थंडीत गवत आणि फुलझाडं कशी वाढतात? उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्याला हवेचंच तापमान सोसावं लागतं. जमिनीला चिकटलेलं चार बोटं उंचीचं रोप वाऱ्याच्या आडोशाला, तापलेल्या मातीच्या लगत राहतं, आणि दुपारच्या उन्हात त्याची पानं भोवतालच्या हवेपेक्षा दहा-दहा अंशांनी उबदार असू शकतात. बुटकं राहणं हीच इथे उबेत राहण्याची युक्ती. वृक्षरेषेवरच्या या कुरणांना गढवालीत बुग्याल म्हणतात आणि तो शब्द आता मराठी ट्रेकरांच्याही तोंडी बसला आहे.

आता बर्फाकडे वळू. हा बर्फ पावसाळ्याचा नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानवरून येणारे पश्चिमी विक्षोभ तो आणून टाकतात. मेपर्यंत धारेच्या दक्षिण अंगाचा बर्फ बहुतेक गेलेला असतो आणि उत्तर अंगाचा अजून घोटाभर ते कंबरभर शिल्लक असतो. चंद्रशिलेच्या माथ्यावर उभं राहिलं तर एका हाताला कोरडं गवत आणि दुसऱ्या हाताला हिवाळा, असं चित्र दिसतं. कारण साधं आहे. ही धार साधारण साडेतीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 36 अंश वर येतो. तेवढ्याच तिरप्या उत्तर उताराला तेव्हा ऊन लागतच नाही, ते वरच्यावर घसटून जातं. दक्षिण उतार मात्र त्याच सूर्यासमोर छाती काढून उभा असतो. भर म्हणून वारा. तो एका अंगाचा भुसभुशीत बर्फ उचलून धारेपलीकडे टाकतो आणि आडोशाच्या घळींमध्ये दहा ठिकाणांचा बर्फ एका जागी साठतो. मे महिन्यात सूर्य डोक्यावर आला की उत्तर उतारालाही भरपूर ऊन मिळतं, पण तोवर वितळवायचा साठा फार मोठा झालेला असतो.

आणि बर्फ वितळवणं हे महागाचं काम आहे. शून्य अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशावरचंच पाणी करायला 80 कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. त्यातून ताजा पांढरा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातलं ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो. जुना झाला, धूळ बसली, दाणे मोठे झाले की तो निम्म्याच्या आसपास उजेड शोषू लागतो आणि तिथून त्याचा वेग वाढतो. काळ्या खडकाभोवतीचा बर्फ आधी जातो तो याचसाठी. खडक तापतो, भोवती वीतभर पोकळी करतो, आणि त्या पोकळीत पहिलं हिरवं पान दिसतं.

डिसेंबरात पडलेल्या भुसभुशीत बर्फाच्या घनमीटरचं वजन शंभर किलोच्या आसपास असतं. मेमधल्या दाणेदार, मुरलेल्या बर्फाचं चारशे-पाचशे किलो. म्हणजे उत्तरेच्या एखाद्या घळीत मीटरभर बर्फ उरला असेल, तर त्या जागेवर 40 ते 50 सेंटिमीटर पाणी उभं आहे असं समजायचं, आणि तेही एकदम न कोसळता दिवसाला थोडं थोडं मुरणारं. पावसाला अजून महिनाभर अवकाश असतो. उत्तराखंडात मोसमी पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो. तोवर या कुरणाला पाणी पाजणारं दुसरं कुणी नाही.

पाण्याइतकंच महत्त्वाचं काम बर्फ हिवाळ्यात करून ठेवतो. अर्धा मीटर किंवा त्याहून जाड थर बसला की खालच्या मातीवर गोधडी पडते. वर उघड्या हवेत पारा उणे पंधराखाली गेला तरी बर्फाखालची माती शून्याच्या आसपासच राहते, कारण बर्फाच्या स्फटिकांमध्ये अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्या अंधारात सगळं थांबलेलं असतं असा आपला समज. कोलोरॅडोतल्या निवॉट रिज या धारेवर अनेक वर्षं चाललेल्या अभ्यासांतून वेगळंच दिसलं. बर्फाखाली जिवाणू आणि बुरशी काम करत राहतात, मागच्या वर्षीची कुजलेली पानं फोडत राहतात, आणि हिवाळ्याच्या अखेरीस मातीत त्यांची संख्या शिगेला पोचलेली असते. बर्फ वितळू लागला की थंडीला सरावलेले हे जीव मोठ्या प्रमाणावर मरतात आणि त्यांच्या शरीरातलं नत्र मातीत मोकळं होतं. नेमक्या त्याच दिवसांत मुळं जागी होतात. पाणी आणि खत एकाच वेळी हाती येतं.

रोपांची तयारी तर त्याहून आधीची. इथली बहुतेक झाडं बहुवर्षायू आहेत, कारण बी रुजण्यापासून नवीन बी धरण्यापर्यंतचा सगळा संसार एका तोकड्या उन्हाळ्यात उरकणं फार थोड्यांना जमतं. त्यांतली कित्येक पुढच्या वर्षीची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवतात. मातीच्या पातळीला, जुन्या पानांच्या वेढ्यात, ती कळी सप्टेंबरपासून मेपर्यंत बसून असते. बर्फाची कड पुढून सरली की तिला फक्त देठ लांबवायचा असतो. म्हणूनच काल बर्फ होता तिथे परवा फूल दिसतं.

ही कड जवळून पाहायला गुडघे टेकावे लागतात. बर्फाचा काठ खालून पोखरलेला असतो, बोटभर जाडीचा, जवळजवळ पारदर्शक, आणि त्याच्या टोकावरून थेंब पडत असतो. त्याच्या पुढे हातभर पट्टा तपकिरी, चेपलेला, चिखलट. मागच्या वर्षीचं गवत तिथे इस्त्री केल्यासारखं एकाच दिशेने पडलेलं. पाहताक्षणी त्यात जीव नाही असंच वाटतं. बोटाने ते गवत थोडं सारलं तर खाली लालसर जांभळी टोकं दिसतात. कोवळ्या पानांत हा लाल रंग ॲन्थोसायनिन नावाच्या द्रव्याचा. अंधारातून अचानक डोंगरावरच्या झगझगीत उन्हात आलेल्या पानाला तो सावली धरतो, हरितद्रव्य पुरेसं तयार होईपर्यंत. त्याच्या पुढच्या हातावर पिवळ्या, चकचकीत पाकळ्यांचं बुटकं फूल असतं, ऑक्सिग्राफिस, मोरवेलीच्या कुळातलं. बर्फाला इतकं लगटून फुलणारं दुसरं फूल या धारेवर मला माहीत नाही. कधी कधी त्याच्या एका बाजूच्या पाकळ्यांना बर्फ टेकलेला असतो. त्याहून पुढे, जिथे बर्फ जाऊन आठवडा-दोन आठवडे झाले आहेत तिथे पांढरी, निळसर ॲनिमोनी. पाणी साचतं तिथे कॅल्थाची गर्द पिवळी फुलं. आणि त्यापलीकडे, जमीन थोडी सुकली आहे तिथे, प्रिम्युलाचे जांभळे गुच्छ. पंधरा-वीस पावलांत महिनाभराचा काळ ओळीने मांडलेला असतो. बर्फाकडे चालत गेलात तर तारीख मागे जाते, बर्फापासून दूर गेलात तर पुढे.

प्रिम्युलापाशी थोडं थांबू. इथल्या जातीचं नाव प्रिम्युला डेंटिक्युलाटा. एका जाडसर देठावर पन्नासेक लहान फुलांचा गोल गुच्छ, प्रत्येक फुलाच्या मध्यभागी पिवळा डोळा, कळ्यांवर पिठूळ पांढरी भुकटी. दोन-तीन वेगवेगळ्या रोपांची फुलं घेऊन भिंगातून त्या पिवळ्या डोळ्यात पाहा. न तोडताही पाहता येतात. एका रोपाच्या फुलांत नळीच्या तोंडाशी एक हिरवट गोल टोक दिसेल, टाचणीच्या डोक्याएवढं. ते स्त्रीकेसराचं टोक, आणि पुंकेसर खाली नळीत दडलेले. शेजारच्या रोपाच्या फुलांत नेमकं उलट असेल: तोंडाशी पाच पुंकेसरांचं कडं आणि स्त्रीकेसर आत खोल. एका रोपावर दोन्ही प्रकार कधी नसतात. चार्ल्स डार्विनने इंग्लंडमधल्या प्रिम्युलांवर प्रयोग करून 1862 साली याचा अर्थ लावला. नळीत सोंड घालणाऱ्या कीटकाच्या अंगाला एका प्रकारच्या फुलातला पराग ज्या उंचीवर चिकटतो, त्याच उंचीवर दुसऱ्या प्रकारच्या फुलाचं स्त्रीकेसर असतं. त्यामुळे परागाची देवाणघेवाण दोन प्रकारांमध्ये होते आणि आपल्याच परागाने बी धरण्याचा धोका टळतो. स्वतःच्या किंवा सारख्याच प्रकारच्या परागाने बी फारच कमी धरतं, हे त्याने हाताने परागीभवन करून दाखवलं. माथ्यावर पोचायच्या घाईत आपण या गुच्छांच्या शेजारून निघून जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

तो कीटक बहुतेक वेळा केसाळ, गुबगुबीत भुंगा असतो, इंग्रजीत ज्याला बंबलबी म्हणतात तो. मेमध्ये दिसणारे बहुतेक भुंगे म्हणजे राण्या. मागच्या शरद ऋतूत फळलेली राणी एकटीच मातीत हिवाळा काढते आणि बर्फ हटला की घरटं बांधायला, पहिली अंडी घालायला बाहेर पडते. हवा पाच अंश असली तरी ती उडू शकते. पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून ती छातीचं तापमान तीस अंशांच्या वर नेते. या शेकोटीला इंधन लागतं, म्हणजे मध. त्यामुळे पहिली फुलं आणि पहिल्या राण्या यांची वेळ जुळणं दोघांच्याही जिवाचं असतं. भुंगे कमी पडतात तिथे माश्या हे काम करतात. आपण तुच्छ मानलेल्या माश्या इतक्या उंचीवर फुलांचा मोठा आधार आहेत.

गवतात आणखी छोटीशी निळी फुलं असतात, नखाएवढी, जेन्शियनची. सूर्यावर ढग आला आणि हवा गार झाली की ती काही मिनिटांत मिटतात. ऊन आलं की पुन्हा उघडतात. ढगाळ दिवशी त्याच वाटेने गेलेला माणूस शपथेवर सांगेल की इथे निळं फूल नव्हतंच. इथे कुणी ब्रह्मकमळ शोधत असेल तर त्याला सांगायला हवं की ते या दिवसांतलं नाही. त्याचा हंगाम पावसाळ्यातला, जुलै ते सप्टेंबर. आपल्याकडे गच्चीत रात्री फुलतं आणि ज्याची पूजा होते, ती मध्य अमेरिकेकडून आलेली निवडुंगाच्या कुळातली वनस्पती. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. दोघांचं नातं फक्त नावाचं.

बर्फाच्या काठावर प्राण्यांचीही वर्दळ असते. उत्तराखंडचा राज्यपक्षी मोनाल, त्याचा नर अंगावर सगळे धातूचे रंग घेऊन फिरणारा, ओली झालेली माती चोचीने उकरून कंद आणि अळ्या काढतो. मंदिराच्या आसपासच्या दगडांच्या राशींत पायका राहतो. बिनशेपटीचा, उंदरासारखा दिसणारा, पण नात्याने सशाचा. तो हिवाळ्यात झोपत नाही. दगडांच्या फटींत, बर्फाच्या छपराखाली, जागाच राहतो. ज्या वर्षी बर्फ कमी पडतो त्या वर्षी त्याचंही छप्पर जातं.

या बर्फावरून चालायचं कसं, हेही सांगायला हवं, कारण दर वर्षी इथे लोक घसरतात. रात्री गोठलेला बर्फ पहाटे सिमेंटसारखा टणक असतो आणि साध्या बुटांखाली ठरत नाही. सूर्योदयानंतर तास-दोन तासांनी वरचा थर दाणेदार, मऊ होतो, टाच रोवली की पायरी पडते. चालायची वेळ ती. दुपारनंतर तोच बर्फ मांडीपर्यंत पाय आत घेतो. कडेचा आणि खडकांभोवतीचा बर्फ खालून पोकळ असतो. ओहोळ ओलांडताना खाली पाण्याचा आवाज येत असेल तर त्या जागी बर्फाचा फक्त पूल उरलेला असतो. काठीने टोचल्याशिवाय पाय टाकू नये. डोळ्यांचं तर कधीच विसरू नये. उंचीबरोबर अतिनील किरणं दर हजार मीटरला दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत वर फेकतो. गडद चष्मा नसेल तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, रात्रभर उघडवत नाहीत. आणि हवेचा दाब इथे समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. मुंबईहून निघून तिसऱ्या दिवशी माथा गाठायचा बेत करू नये. चोपत्याला किंवा उखीमठला एक रात्र काढावी.

या कुरणांशी मराठी घरांचं नातं पर्यटनाच्या कितीतरी आधीचं आहे. बाळगुटीत जी पांढरी, आखूड, आत पिठूळ मुळी सहाणेवर एक-दोन वेढे उगाळतात, ती अतिविष. ॲकोनिटम हेटेरोफायलम हे तिचं शास्त्रीय नाव, आणि ती हिमालयातल्या याच उंचीवरच्या उतारांवर वाढते. कुटकी आणि जटामांसीही तिथल्याच. आपल्या आजीच्या डब्यातला तो तुकडा अशाच एखाद्या बुग्यालातून खणलेला. अतिविषाचं औषध मुळीत असतं. मुळी काढली की झाड गेलं. बी रुजून खणण्याजोगी मुळी व्हायला काही वर्षं लागतात, आणि मागणी तेवढी थांबत नाही. त्यामुळे जंगलातलं अतिविष आज धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. गढवालच्या श्रीनगरमधल्या विद्यापीठाने 1979 साली उंचावरच्या वनस्पतींसाठी खास संशोधन केंद्र सुरू केलं. त्याचं एक ठाणं तुंगनाथच्या वाटेवरच आहे. अतिविष, कुटकी यांसारख्या वनस्पती शेतात कशा वाढवायच्या, रोपं कशी करायची, यावर तिथे काम झालं आहे. येणारे-जाणारे त्या कुंपणापाशी फोटो काढून पुढे जातात. आत काय आहे ते थांबून पाहावं, इतकं ते आपल्या जिव्हाळ्याचं आहे.

ट्रेकिंगचा भारही या कुरणांवर आहे. आली, बेदनी आणि बागजी या बुग्यालांच्या संरक्षणासाठी झालेल्या याचिकेवर उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये निकाल देताना बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि एका वेळी जाणाऱ्यांची संख्या दोनशेपुरती ठेवायला सांगितलं. तंबू काढून टाकला की नुकसान संपलं असं नसतं. बर्फाच्या काठचा तो तपकिरी, मेल्यासारखा दिसणारा पट्टा सपाट आणि ओलसर असतो, तिथेच बसायला, तंबू ठोकायला, फोटोसाठी गोल करून उभं राहायला माणसाला आवडतं. त्याच पट्ट्यात आदल्या वर्षीच्या कळ्या मातीच्या पातळीवर असतात आणि माती चिखल झालेली असते. वर्षाची एकच कळी तुडवली गेली की ते रोप पुढच्या मेपर्यंत फुलत नाही. चालायचं तर दगडी वाटेवरून चालावं, नाहीतर सरळ जाड बर्फावरून.

बर्फ लवकर गेला तर फुलांना जास्त दिवस मिळतील, मग बरंच की, असं वाटू शकतं. कोलोरॅडोतल्या गॉथिक इथल्या रॉकी माउंटन जीवशास्त्रीय प्रयोगशाळेत डेव्हिड इनोये यांनी 1970 च्या दशकापासून ठरलेल्या चौकोनांतली फुलं दर उन्हाळ्यात मोजत ठेवली. त्या नोंदी उलटं सांगतात. ज्या वर्षी बर्फ लवकर वितळला, त्या वर्षी रोपं लवकर उठली, कळ्या लवकर आल्या, पण हिमतुषाराच्या रात्री काही लवकर संपल्या नाहीत. उघड्यावर आलेल्या कळ्या त्या रात्रींत करपल्या. तिथल्या एका रानसूर्यफुलाच्या जातीत अशा वर्षी जवळपास सगळ्या कळ्या गेल्याचं दिसलं. मेमध्ये उत्तर उतारावर रेंगाळणारा बर्फ फुलांची वाट अडवत नसतो. तो त्यांना थंड रात्री सरेपर्यंत थोपवून धरतो.

धारेच्या उत्तर अंगाच्या खोल घळींत हा बर्फ काही वर्षी जूनमध्येही टिकतो. तिथल्या रोपांना उठायला पावसाळा उजाडतो. धारेवरची त्यांचीच जातभाई रोपं तोवर फुलून, बी धरून मोकळी झालेली असतात. जपानमध्ये होक्काइदो बेटावरच्या ताइसेत्सु डोंगरांत गाकू कुदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच लवकर आणि उशिरा वितळणाऱ्या जागांवरची एकाच जातीची रोपं घेऊन त्यांची जनुकं ताडून पाहिली. शेजारशेजारच्या या वस्त्यांमध्ये त्यांना जनुकीय फरक सापडला, आणि त्याचा संबंध बर्फ कधी वितळतो याच्याशी होता. एकीकडची फुलं उघडी असताना दुसरीकडची बर्फाखाली असतात. भुंगा इकडचा पराग तिकडे नेऊच शकत नाही, अंतर दगड फेकण्याइतकं असलं तरी. एकाच उतारावर, एकाच नावाच्या दोन वस्त्या, दर वर्षी एकमेकींना न भेटता फुलतात. त्यांच्या मधली भिंत बर्फाची असते आणि ती पडते तोवर एकीचा हंगाम उलटून गेलेला असतो.